सुमिएचे अकरा सेकंद

१ नोव्हेंबर
सुमिएला जाऊन आज तिसावा दिवस. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी वीस तारखेला. आमच्या लग्नाआधी, ती सतरा वर्षांची असताना, इथल्या बंदरात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. त्यात ती माशांची पेटी घेऊन धक्क्यावरून चालत जाते. अकरा सेकंद. जेवणाआधी पाहुण्यांना तेवढं मोठ्या टीव्हीवर दाखवायचं. डीव्हीडी धूसर आहे, कॉम्प्युटरवर घेऊन स्वच्छ करीन. तीन दिवस पुरतील. नुसतं बसण्यापेक्षा काम बरं.

४ नोव्हेंबर
चित्र स्वच्छ. चाल अडखळते. कारण सापडलं. सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेम, डीव्हीडीत तीस. भरती म्हणून काही फ्रेम दोनदा घातल्या आहेत. जास्तीच्या काढल्या की झालं. जमीन मोजणीत अडतीस वर्षं काढली, मोजमाप मला कोणी शिकवू नये. नागिसाने फोनवर विचारलं, बाबा, वेळेवर जेवता ना? मी म्हटलं, चोवीस.

७ नोव्हेंबर
चोवीस केलं. होड्या, पक्षी, इतर बायका, सगळं सुरळीत. एकटी सुमिए दर दुसऱ्या पावलाला अडखळते. म्हणजे डीव्हीडी नेमकी तेवढ्याच जागी खराब. कंपनीला तक्रारीचं पत्र टाकलं.

९ नोव्हेंबर
कॅमेऱ्याच्या दुकानातल्या उसुईंना दाखवलं. त्यांनी तीनदा पाहिलं. म्हणाले, फ्रेम बरोबर आहेत साहेब, आता आहे तसं राहू द्या. माणूस सज्जन, पण धंद्यातलं कळत नाही.

१२ नोव्हेंबर
साठ करून पाहिलं. मधल्या फ्रेम मशीन स्वतः बनवतं. सुमिएला सहावं बोट आलं. अडखळणं तेच, फक्त जास्त सफाईदार.

१३ नोव्हेंबर
सुट्टी घेतली. तिच्या चपला आवरल्या. प्रत्येक जोडाचा उजवा तळ झिजलेला, डावा जवळजवळ नवा. हलका माल. यावरून मी चपलांच्या दुकानाला पूर्वी एक कडक पत्र लिहिलं होतं.

१७ नोव्हेंबर
जमलं. परत चोवीसवर आलो. दर दुसऱ्या पावलाच्या फ्रेम हाताने काढल्या, फट मशीनने भरली. आता ती पाण्यासारखी जाते. नागिसाने पाहिलं आणि उठून चहा ठेवायला गेली. भारावली असावी.

२० नोव्हेंबर
मंत्रपठण झालं, भिक्षू चहा पिऊन गेले, मी टीव्ही लावला. सुमिएची धाकटी बहीण फुसाए म्हणाली, दाजी, ही कोण? मी म्हटलं, सुमिए. ती म्हणाली, काहीतरीच काय, ताई कधी अशी चालली? नऊ वर्षांची असताना होडीतून धक्क्यावर उडी मारायला गेली आणि डावा पाय कायमचा अधू झाला. धुक्यात आम्ही तिला पावलांवरून ओळखायचो. नागिसाने हळूच विचारलं, बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं? माहीत होतं, म्हटलं. मग सगळे जेवायला बसले.

२१ नोव्हेंबर
माहीत नव्हतं. एकेचाळीस वर्षं बाहेर पडलो की मी पुढे, ती मागे. आमच्या पिढीत तशीच रीत. मागे वळायचो ते फक्त, लवकर चल, म्हणायला. तेव्हा ती थांबलेली असायची. घरात ती चहा घेऊन यायची, तेव्हा माझ्यासमोर पेपर.

सकाळी मूळ डीव्हीडी लावली. धूसर, तीस फ्रेमवाली. कॅमेरा तिच्या मागे आहे. चारदा पाहिली.

दुपारी दोन पत्रं लिहिली. एक डीव्हीडी कंपनीला, एक चपलांच्या दुकानाला. मजकूर एकच. मालात दोष नव्हता.