चौदा मेंढरांच्या मापाचं ग्यारेज

श्री बिरोबा प्रसन्न

राहू, ता. दौंड
बुधवार, दुपार

शिक्रापूरकर सोपानराव पाव्हण्यांना राहूहून हरिबाचा, तुमच्या बहिणीचा आन् आमच्या आबांचा मिळून एकच मोठा रामराम. वहिनींच्या गुडघ्याला आता कसं वाटतंय? हायवेच्या धुळीनं तुमचा खोकला हटत न्हाई असं कळलं, तवा रात्री हळद-दूध घेत जावा. इकडं सगळं ठीक. एक म्हैस आटली, पण दुसरी दुधावर हाय. माझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात न्हाई (महिन्यामागं मोटारसायकलीला कुत्रं आडवं आलं आन् मी ओढ्यात गेलो, हे तुमच्या बहिणीनं तुम्हाला सांगितलंच असंल), पण त्यानं लिहायला अडत न्हाई. आता तुम्ही म्हणाल, फोन असताना ह्या माणसानं कागद का धरला? तर आमच्या घरात फोन स्पीकरवर लावूनच बोलायची पद्धत हाय. तुम्ही तिकडं हॅलो म्हणला की इकडं चार माणसं एकदम व्हय म्हणत्यात. आन् मला जे सांगायचंय ते घरात कुणाच्या कानावर जायला नको. पैसे मागायला लिहितोय असं वाटून कागद घडी करून ठिवू नका. पैसे न्हाई मागत.

आमच्या धनश्रीनं दिवाळीत स्वतःच्या पगारावर जुनी चारचाकी घेतली, ती तुम्ही पाहिलीच हाय, पांढरी. तुमच्या शिक्रापूरच्या बाजूलाच कंपनीत कामाला, शिफ्टची ड्युटी, रोजचं जाऊन-येऊन साठ किलोमीटर. गाडी आमच्या अंगणात लिंबाखाली उभी राहती. वर कावळे, खाली आबांची मेंढरं, आन् मेंढरांत दोन शेळ्या. शेळीला उंच जागा दिसली की चढल्याबिगर चैन पडत न्हाई. एक तर बॉनेटवरनं सरळ टपावर जाती आन् तिथनं सरपंचासारखी गावाकडं बघत राहती. पोरीनं कवा एक शब्द वाकडा काढला न्हाई. पण मागल्या महिन्यात जेवताना भाकरी मोडता मोडता सहज म्हणली, की आप्पा, सोपानमामांच्या भाड्याच्या खोल्यांना खाली पत्र्याचं पार्किंग हाय, मी तिथं एक खोली घ्यावी म्हणते. सोपानराव, खरं सांगतो, मी हातातला घास ताटात ठिवला. पोरगी आज ना उद्या लग्न करून जाईल, त्याला माझी तयारी हाय. पण पत्र्याच्या सावलीपायी जाणार? मी त्याच ताटावर ठरवलं. पार्किंग पाहिजे ना? बांधतो. घराला चिकटून न्हाई (पहाटे गाडी चालू झाली की आबा दचकून उठतात), अंगणाच्या पल्याड, सुटं, तीन भिंती आन् पुढं शटर असलेलं पक्कं ग्यारेज.

दुसऱ्याच दिवशी साहेबराव मिस्त्रींना बोलावलं. ह्या माणसानं बांधलेली भिंत पंचक्रोशीत कुणी वाकडी दाखवून द्यावी. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आन् सोसायटीच्या कॅलेंडरच्या पाठीमागं विटा, सिमेंट, क्रश सँड, खडी, अँगल, पत्रे, शटर, मजुरी असं सगळं मांडून एक लाख सतरा हजारावर रेघ मारली. उसाचं बिल आलं होतं एक लाख वीस. तीन हजार उरतात म्हणून मी खुशीत पान लावायला घेतलं, तेवढ्यात तुमची बहीण चहा घेऊन आली आन् तिनं कॅलेंडर वाचलं. तिचं म्हणणं, गाडी दिवसभर कंपनीत, मग एवढी जागा रिकामी कशाला? मागच्या भिंतीला कांदा ठिवायला मांडणी करा. आबांचं म्हणणं, वास्तू झाली म्हंजी बिरोबाची देवळी पाहिजे. मी म्हणलं, अहो हे गाडीचं बिऱ्हाड हाय, आपलं न्हवं. पण ऐकतंय कोण? त्यात एक कलम कुठल्याच मिस्त्रीच्या हिशोबात नसतं, ते मी स्वतः घातलं: बघायला येणारांचा चहा. पाया खणायला घेतला त्या दिवशी एकवीस माणसं आली. एकवीसही जणांनी पायाची दिशा चुकली म्हणून सांगितलं आन् एकवीसही जणांनी वेगवेगळीकडं बोट केलं. असं करत करत बजेट एक लाख एकतीसवर जाऊन बसलं.

कर्ज काढायचं न्हाई हे माझं पक्कं. मग अकरा हजार कापायचे कुठनं? मी म्हणलं, रुंदी कमी करा. साहेबरावांनी नऊ फूट धरली होती आन् गाडी हाय साडेपाच फुटांची. वरचे साडेतीन फूट काय लेझीम खेळायला? हितं आबा पुढं झाले. आबांचं नाव बिरदेव, वय ब्याऐंशी, आन् जन्म गेला मेंढरांमागं. दुसऱ्याच्या रानात वाघुर लावून (म्हंजी मेंढरांभवती जाळी बांधून) कळप बसवायचा, तर कुठल्या जागेत किती जित्राब मावंल हे त्यांनी नुसतं बघून सांगावं. टेप त्यांना कळत न्हाई, पण नजर आजवर एका मेंढरानं चुकली न्हाई. त्यांनी गाडीभवती पांढऱ्या फक्कीची रेघ टाकली, गाडी कामावर गेल्यावर त्या रेघेच्या आत मेंढरं घातली, आन् ठासून चौदा बसली. मग निकाल दिला. चौदा मेंढरांची जागा, त्यावर इकडं एक वीत आन् तिकडं एक वीत. त्याच्यावर जागा सोडली की मेंढरू वळतं, आन् वळलं की घाण करतं. झाले सात फूट. विटा, पत्रे, कोबा धरून बारा हजार वाचले, ह्यापेक्षा सरळ हिशोब तुमच्या शिक्रापूरच्या इंजिनेराला तरी जमंल का? साहेबराव म्हणले, हरीभाऊ, नऊच धरा, मागनं मला बोलू नका. मी म्हणलं, आमच्या म्हाताऱ्यानं उभ्या तालुक्यात मेंढरं बसवल्यात. तवा त्यांनी मागच्या भिंतीत लावायच्या विटेवर पेन्सिलनं लिहिलं, 'रुंदी सात फूट, मालकाच्या मर्जीनं.' खाली तारीख घातली आन् मला सही करायला लावली. मी केली, झोकात केली.

काल पत्रे चढले, शटर बसलं. उरलेल्या हजारात नारळ, पेढे आन् शटरला निळा रंग. धनश्री येता-जाता बघती आन् हसती. उद्या गुरुवार, तिची सुट्टी, उद्या गाडी आत. एकदा गाडीला हक्काची सावली मिळाली की ती कुठं जाती ते मी बघतोच.

तुमच्या बहिणीचा कारभारी,
हरिबा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. धनश्री खोली विचारायला आली तर एकही शिल्लक न्हाई म्हणून सांगा. पटलं न्हाई तर छत गळतंय म्हणा, ढेकूण झाल्यात म्हणा. धंद्याची बदनामी व्हईल, पण भाचीजवळ केलेली बदनामी घरातच राहती. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. दुसरा, गुरुवार संध्याकाळ. तुमच्याकडं पत्र नेणारा दूधगाडीवाला काल आलाच न्हाई, म्हणून पत्र खिशातच राहिलं, आन् बरं झालं राहिलं ते. आज सकाळी नारळ फुटला, आबांनी भंडारा उधळला, गाडी पिवळीधमक झाली आन् अशी अलगद आत गेली की एकवीसच्या एकवीस चहावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. धनश्रीनं गाडी बंद केली, दार उघडलं, आन् ते वीतभर उघडून भिंतीला टेकलं. दुसरं उघडलं, ते पण वीतभरच. मेंढराला आत गेल्यावर दार उघडून उतरायचं नसतं, हे आमच्या ध्यानातच आलं न्हाई. साहेबरावांनी नुसतं त्या विटेकडं बोट केलं. आता गाडी माघारी घ्यायची, एवढंच काम. पण पोरगी घेईना. आधी हसत होती, मग स्टेअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. मी सगळ्यांना पांगवलं, मागची डिकी उघडली आन् ह्या मोडक्या हातानं रांगत आत जाऊन मागच्या सीटवर बसलो. ती पुढं, मी मागं, दोघं समोरच्या विटांकडं बघतोय. म्हणलं, बाई, दोन फूट वाढवतो, भिंतच पाडतो, त्यात रडायचं काय? ती म्हणली, आप्पा, मला पार्किंग नको होतं. माझी दुसरी शिफ्ट सुटली की तुम्ही रोज मध्यरात्री बॅटरी घेऊन माझ्यासाठी फाट्यावर उभे, आन् पुन्हा पहाटे चारला धारेला उठता. त्या दिवशी कुत्रं आडवं आलं न्हवतं. तुम्हाला मोटारसायकलीवर डुलकी लागली होती. मी लांबनं सगळं बघितलंय. मी घरात न्हाई राहिले तर तुम्ही झोपाल तरी. सोपानराव, मी नुसत्या विटा मोजत बसलो. बरं झालं तोंड समोर न्हवतं. पोरीनं माझ्या झोपेसाठी घर सोडायचं ठरवलं, आन् मी एक लाख एकोणीस हजार तिच्या गाडीच्या सावलीला घातले.

ता. क. तिसरा. वरचं गळतीचं आन् ढेकणांचं खोडा. तिला खोली द्या, तळमजल्याची, रस्त्याच्या बाजूची नको. भाडं पुरं घ्या, कमी केलेलं तिला चालायचं न्हाई. पार्किंग मात्र तुम्ही स्वतः मोजा, गाडीची दोन्ही दारं उघडी ठिवून मोजा, नऊ फुटांच्या खाली असंल तर मला कळवा, साहेबरावांना घेऊन येतो. त्यांना बुधवारी इकडं बोलावलंय, हितली एक भिंत पाडून दोन फूट सरकवायची हाय. गाडी दर गुरुवारी घरी येणार, तिनं कबूल केलंय. तवर आत आबांची चौदा मेंढरं बसत्यात, मापात एक बोट इकडंतिकडं न्हाई.

ता. क. शेवटचा, आन् हा तिला कळू देऊ नका. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात तिची गाडी तुमच्या पत्र्याखाली लागली की मला एक मिस्ड कॉल द्या. मी आता फाट्यावर जाणार न्हाई, तसा तिला शब्द दिलाय. अंथरुणातच पडून राहीन, पण फोन उशाला असंल. एकदाच वाजवा आन् लगेच कट करा. चुकून उचलला गेला तर तुमची बहीण स्पीकर लावती.