शिवणयंत्राचे दान

हलमिल्लेवेव,
सोमवार, दिनांक ५ जून २०२३, सकाळ

चि. बिसोमेणिके हिस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. त्रिरत्नांचे छत्र तुझ्यावर असो. माझी प्रकृती वयोमानाप्रमाणे ठीक असून गुडघा सोडल्यास तक्रार नाही. तळ्याला पाणी बरे आहे. पाच वर्षांत तू मला पत्र लिहिले नाहीस, मीही लिहिले नाही. मी थोरला असल्यामुळे आधी तू लिहावेस, असे माझे मत होते.

परवा पोसोन पौर्णिमेला तू आपले शिवणयंत्र विहाराला दान केलेस. भन्तेंनी तुझे नाव घेतले तेव्हा सर्वांबरोबर मीही हात जोडून तीन वेळा ‘साधु’ म्हणालो. त्याविषयीच हे पत्र आहे. परंतु आधी मंगळवारची हकीकत सांगणे भाग आहे.

जीव देण्याच्या वाटेवर असलेला माणूस कसा ओळखावा आणि कसा थांबवावा, हे गावकऱ्यांना शिकवण्याचे शिबिर विहाराच्या सभागृहात भरले होते. शेतीची औषधे विकणाऱ्या दुकानदारांनी यावेच, असा ग्रामसेवकाचा निरोप होता. शिकवणारी इशारा नावाची मिस माझ्या नातीच्या वयाची. तिने माझ्या छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. ज्या गावात मी चाळीस वर्षे दुकान चालवले, जेथे दुकानदार म्हणून लहानथोर मला ‘मुदलाली’ म्हणतात, तेथे माझे नाव वाचून घ्यायचे! मला पहिल्यापासून किळस आली.

जीवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे, कारण नसता निरोप घेणे, बराच काळ खचलेला माणूस एकाएकी शांत होणे, या खुणा तिने सांगितल्या. मी म्हणालो, “मग पौर्णिमेला दान करणारा अख्खा गाव आजारीच म्हणायचा, मिस!” सगळे हसले. मला ते आवडले.

नंतर जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला न्हावी जिनदास आला. तो मान टाकून खोटे खोटे हुंदके देऊ लागला आणि मी त्याला विचारायचे होते. मी म्हणालो, “तब्येत कशी आहे?”

मिसने मला अडवले, “गोल गोल नको, मुदलाली. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार करतोयस का?”

“चांगल्या घरातली माणसं असलं घाण बोलत नाहीत, मिस. बोललं की डोक्यात शिरतं.”

“विचारल्यानं शिरत नाही. आधीच शिरलेलं असतं, ते बाहेर येतं.”

तेव्हा जिनदासाने मान वर केली. “त्यांना नाही जमायचं, मिस. मुदलाली गिऱ्हाइकाला एकच विचारतात, लहान बाटली की मोठी?”

सभागृह पुन्हा हसले. मी छातीवरची चिठ्ठी उपटली आणि तडक निघून आलो. प्रमाणपत्रही घेतले नाही.

परवा विहारातून उतरताना तुझी शेजारीण सोमावती भेटली. म्हणाली, “बाई किती शांत झाली हो आता! पोराच्या मागं नुसती झुरत होती. कोंबड्यासुद्धा वाटून टाकल्या तिनं. केवढं पुण्य!”

मी पायऱ्यांच्या कडेला बसलो आणि ओकलो. पांढऱ्या वस्त्रांतील माणसे मला वळसा घालून जात होती. किळस जिनदासाची नव्हती, मिसचीही नव्हती.

बिसो, पाच वर्षांपूर्वी तुझ्या चमिंदच्या मृत्यूच्या चौकशीत मी सांगितले होते की तो दुकानात आला, कीटकनाशकाची बाटली घेतली आणि काही न बोलता गेला. गिऱ्हाइकाला खासगी प्रश्न विचारणे दुकानदारास शोभत नाही, असेही मी तेथे ताठ मानेने सांगितले. ते अर्धवट होते. तुमच्या शेतात तेव्हा उभे पीक नव्हते, हे मला ठाऊक होते. जाण्यापूर्वी तो दुकानाच्या धुळीत गुडघे टेकून माझ्या पाया पडला. थोरांच्या पाया पडण्याचा नववर्षाचा दिवस नव्हता, रीतीप्रमाणे विड्याची पाने आणलेली नव्हती. म्हणाला, “मामा, येतो मी.” मला वाटले, अखेर पोराला रीतभात आली. मला अभिमान वाटला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी त्याला दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला आणि बाटली कागदात नीट गुंडाळून हातात दिली.

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. त्याचा निरोप मी नमस्कार म्हणून घेतला. परवा तुझ्या निरोपालाही साधु म्हणालो.

माझा आवाज ऐकून तू दार उघडत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या ओसरीवर बसून लिहीत आहे आणि दाराखालून आत सरकवीत आहे. जे विचारणे मला घाण वाटले ते विचारतो. बिसो, तू जीव द्यायचा विचार करते आहेस का?

हो म्हणालीस तर मी रागावणार नाही, पाप-पुण्य सांगणार नाही, फक्त ऐकेन. नाही म्हणालीस तरी लगेच उठणार नाही. इशारा मिसला मी फोन करून क्षमा मागितली आहे; ती दहाच्या बसने येत आहे. दुकानाला कुलूप आहे.

मला शिव्या द्यायच्या असतील तरी दार उघडूनच दे.

तुझ्या पायरीवर बसलेला,
तुझा दादा
रणबंडा