फुग्यांच्या कारखान्यातली तपासणी

आई, कारखान्यात डॉक्टर आले त्या दिवसाबद्दल तू मला कधी काही विचारलं नाहीस आणि मीही आपण होऊन बोलले नाही. आता तू नाहीस, म्हणून लिहिते आहे. समोर असतीस तर आजही जमलं नसतं.

वसई पूर्वेच्या त्या गाळ्यात रबराचे फुगे तयार व्हायचे. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शंखजिऱ्याची पूड लावायची, झटकायची आणि मग पाकिटं भरायची. झटकायचं काम तू नऊ वर्षं केलंस. पूड उडते म्हणून पंखा बंद, वारा येतो म्हणून खिडकीला पोतं. मी बारावी आणि टायपिंग करून त्याच कारखान्याच्या ऑफिसात लागले, तेही तू शेठकडे शब्द टाकलास म्हणून. पहिल्याच आठवड्यात काही कागद घेऊन मी पॅकिंगमध्ये आले आणि तुझ्या खांद्यावरची पूड झटकायला गेले. तू माझा हात बाजूला केलास. "इथं मला आई म्हनू नको. तू ऑफिसातली, मी पॅकिंगमधली." पुडीने तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तेव्हा तू चाळिशीचीही नव्हतीस. मला राग आला होता, पण तू मला त्या पुडीपासून लांब ठेवत होतीस, हे समजायला मला फार वर्षं लागली.

तपासणीची कल्पना माझीच. ऑफिस आणि पॅकिंगमधल्या पार्टिशनच्या अलीकडे बसून मी दिवसभर तुमचा सगळ्यांचा खोकला ऐकायचे, आणि त्यातला तुझा कुठला तेही ओळखायचे. शेवटी मी शेठना अर्ज लिहिला : बायकांना तोंडाला बांधायला मास्क द्यावेत, वर्षातून एकदा डॉक्टर बोलवावा. शेठनी तो उभ्याउभ्याच वाचला आणि म्हणाले, "चांगलं आहे बेटा, करून टाकू." मी हवेत होते. परदेशी गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार आहे आणि त्यांना असले कागद दाखवावे लागतात, हे मला नंतर कळलं.

तपासणी ठरल्यावरची संध्याकाळ. मनवेलपाड्याच्या आपल्या खोलीत तू भाकरी थापते आहेस. मध्येच थांबतेस, ओट्याला हात टेकून खोकतेस, पुन्हा थापायला लागतेस. माझ्याकडे न बघता म्हणतेस, "सगळ्याजनी घाबरल्यात. खरं सांगितलं तर काढतील म्हन्तात."

"असं कसं काढतील? तुमच्यासाठीच आहे ना हे सगळं. डॉक्टरांपासून काही लपवू नकोस."

"तू सांगतेस तर सांगते."

दुसऱ्या दिवशी हेच मी पॅकिंगमध्ये प्रत्येकीला सांगत फिरले. मी तुझी मुलगी, म्हणून त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

तपासणीच्या दिवशी बायका हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या चांगली लुगडी-साड्या नेसून आल्या. तूही तुझी माहेरची, गास गावाहून आलेली हिरवी साडी नेसलीस. डॉक्टर तरुण होते, मऊ बोलायचे. त्यांनी विचारलं आणि तू सांगितलंस. जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं पडलं की जीव घुसमटतो, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपते. मार्गशीर्षात दोनदा थुंकीतून रक्त पडलं. मी पार्टिशनच्या अलीकडे टाइपरायटरवर बोटं ठेवून बसले होते. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. तुझ्यापासून चार हातांवर झोपत होते मी.

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. शेठ म्हणाले, "ज्यांना त्रास आहे त्यांची यादी कर." मला वाटलं, औषधपाण्यासाठी. मी नीट, ठळक शीर्षक देऊन अकरा नावं टाइप केली. तुझं तिसरं होतं. सोमवारी ती यादी गेटवरच्या वॉचमनच्या हातात होती. तुम्हा अकराजणींना त्याने बाहेरच थांबवलं. "शेठ बोलले, आराम करा. बरं वाटलं की या."

मी शेठकडे गेले. ते चिडले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलं. "अगं, आजारी बाईला धुळीत बसवू का मी? तूच तर लिहिलं होतंस." मी परत टाइपरायटरपाशी येऊन बसले. मास्कचा खोका आला, परदेशी पाहुणे आले त्या दिवशी उघडला, आणि ते गेल्यावर मास्क गोळा करून पुन्हा बंद केला.

त्या अकराजणींतली एक आपल्या दारात आली होती, आठवतं? पदराने तोंड पुसत म्हणाली, "तुझ्या पोरीनंच नावं दिली." तू दारातच उभी राहिलीस, तिला आत घेतलं नाहीस. "ती नोकर मानूस. तिला काय म्हाईत?" मग आत येऊन माझ्या दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी निवडायला बसलीस. मी म्हटलं, नोकरी सोडते. तू म्हणालीस, "मग खायचं काय?" मी सोडली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा डॉक्टर आले, तेव्हा एकीनेही खोकला सांगितला नाही. सगळ्यांची प्रकृती उत्तम, असं मीच टाइप केलं.

दोन वर्षांनी तुला सरकारी दवाखान्यात नेलं. तोवर तुझ्याच्याने चार पावलंही चालवत नव्हतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "काम काय करत होतात? धुळीचं काही?" तू म्हणालीस, "नाय. घरीच असते."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. डॉक्टरांनी खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिलं. दवाखान्याचा एखादा कागद ऑफिसात आला तर माझ्या नोकरीचं काय, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं. आणि मी म्हणाले, "हो, घरीच असते."