श्वास रोखायची सवय

मोताळा. रविवार, ७ डिसेंबर.

सकाळी मालवणहून परत आले. दुपारी नणंद कमलताई आल्या. यांना जाऊन पाच महिने झाले आणि मी समुद्रात बुडी मारून आले, याचं त्यांना काय वाटेल, हीच धाकधूक. मालवणला जायचं तर यांनीच ठरवलं होतं.

"काऊन वं वहिनी, भेव नाही वाटलं तुले?"

मग सगळं सांगितलं. लग्नानंतर यांनीच मला विहिरीत पोहायला शिकवलं. पाण्यात श्वास रोखायचा, हे तेव्हापासून पक्कं. मालवणला तोंडात हवेची नळी असूनही मी श्वास रोखूनच धरला. शिकवणाऱ्याने वर आणलं. "काकू, ही काय विहीर आहे? श्वास घेत राहा!" दुसऱ्यांदा खाली गेले तेव्हा घेतला. तेवढ्यात पिवळा, काळ्या पट्ट्यांचा एक मासा थेट माझ्या चष्म्याच्या काचेसमोर येऊन बघत राहिला.

"दादाले जमलं असतं का वं?"

"कायचं! तेही श्वास रोखूनच बसले असते."

कमलताई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही. इतकं हसायला नको होतं का? माहीत नाही. "त्या माशाचं अजून सांग," म्हणाल्या. दोनदा सांगितलं.

त्या गेल्यावर खारे कपडे बादलीत खळबळले आणि वाळत घातले.