फडताळातली ओल

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं अख्खं पत्र दादाने खुर्चीवर टाकलेल्या ओल्या टॉवेलवर! माझ्या कामाची चौकशी शेवटच्या ओळीत, तीही 'अजून तेच का?' एवढीच. हो, अजून तेच. प्रयोगशाळेत मी बनवते ती जिलेटिनची पातळ फिल्म वाळली की कडकन मोडते. बळकटी यावी म्हणून तिच्यात सेल्युलोजचे बारीक तंतू घालते, तर आता त्या तंतूंच्या गाठींपाशीच फाटते. महिनाअखेर जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे देईन, असं सर म्हणाले. वर्षभर घासलंय हो मी! डोकं नुसतं भणभणलंय.

आईला नमस्कार. माया असू द्या.

तुमची,
खारू

११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

रडगाणं पोचलं. गाठी होतात म्हणजे ठेवण्यात हयगय होत असणार. तंतू ओलसर ठेवतेस का? या घरात साधी वाटीसुद्धा ओली फडताळात जाऊ दिली नाही मी. दादाला टॉवेलबद्दल बोलणं सोडलंय. फक्त दिवसातून चारदा आठवण करतो.

काम तुझ्या हातून गेलं तर मला फार वाईट वाटेल. जेवत जा.

बाबा

२० फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी चिडले, मग कपाळावर हात मारून घेतला. बाबा, हे तंतू ओल्या लगद्यासारखे येतात. बाकीचे ते तसेच वापरतात. मी मात्र आल्या आल्या खडखडीत वाळवून बरणीत भरायची! कुणी सांगितलं नव्हतं, हातच तसे चालायचे. एकदा वाळले की ते एकमेकांना असे घट्ट धरतात, की पुन्हा पाण्यात घालूनही नीट सुटत नाहीत. या वेळी ओलेच घातले. सर फिल्म ओढून ओढून दमले. काम माझ्याकडेच राहिलं!

सोबत तुकडा पाठवते. लोभ आहेच, तो तेवढा वाळवू नका.

तुमची,
खारू

२७ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुकडा मी ओढला, दादाने ओढला, फाटला नाही. शेजाऱ्यांनाही नेऊन दाखवला, त्यांनी विचारलं नसताना. अभिमान वाटतो गं.

मात्र तुझं पत्र आईच्या हाती पडलं. तिने ते मोठ्याने दोनदा वाचलं. आता ती वाट्या ओल्याच फडताळात ठेवते आणि मी तोंड उघडलं की 'शास्त्र आहे' म्हणते. दादाचा टॉवेलही आता शास्त्रात बसलाय.

तुझा तुकडा जपून ठेवायचाय. तो ओला ठेवायचा की कोरडा, ते उलट टपाली कळव. पाकिटावर फक्त माझं नाव घाल. घरात हे मी कुणाला विचारू शकत नाही.

बाबा