कापलेला कूलर थोरल्याला

मी अजून मेलेली नाही, आणि सूनबाईने काल माझ्या खोलीच्या खिडकीला पडद्याचे माप घेतले. टेपही माझ्याच पेटीतला. मी खाटेवर होते. "आई, जरा पाय आवरा," म्हणाली. आवरले. आता बाकीचेही आवरते.

तर हे लिहिणारी मी, गॅरेजवाल्याची विधवा. शाळा चौथीपर्यंत, दात गेलेले, डोके जागेवर. हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहिले आहे. कोणाच्या धाकाने नाही की गोडीगुलाबीला भुलून नाही. गोडीगुलाबी कोणी दाखवलीही नाही. वकिलाकडे आधी केलेला कागद रद्द समजावा. त्यात गॅरेज थोरल्याला दिले होते. का रद्द केला ते खाली आहे, धीराने वाचावे.

आमचे गॅरेज जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे. नवरा इंजिने बांधायचा, मी ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचे तेल गार करणारी जाळी, बसवायची. गिऱ्हाईक म्हणायचे, "बाई, सगळ्यात मोठा बसवा." मी विचारायची, तेलाला थंडी भरवायची आहे का? गाडी पळते किती, नाकात जागा किती, मागच्या रेडिएटरला वारा उरतो का, हे बघून माप ठरते. तेल फार गार राहिले तरी इंजिन झिजते. म्हणून मध्ये थर्मोस्टॅट लागतो. तेल तापल्याशिवाय तो त्याला कूलरकडे सोडत नाही. नवऱ्याला तसले काही बसवता आले नाही. तो सकाळी उठायचाच उकळलेला.

मी बसवलेल्या प्रत्येक कूलरच्या तळाशी पंचने तीन टिंबे मारायची. सही करण्यापेक्षा ते सोपे.

दातांच्या डॉक्टरांच्या हिरव्या गाडीलाही पूर्वी मीच कूलर बसवला होता. पुढे त्या इंजिनाची बेअरिंग गेली. तेव्हा मी कंबर मोडून दवाखान्यात पडले होते. धाकटीने, म्हणजे माझ्या मुलीने, इंजिन नव्याने बांधले. "नवा" कूलर थोरल्याने बसवला. पहिल्याच लांबच्या फेरीत इंजिन जाम झाले. थोरला चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बाईमाणसानं बांधलेलं इंजिन, आणखी काय होणार?" धाकटी निघून गेली. आज ती बसच्या डेपोत ब्रेक बघते. जुन्या गाडीचा नटसुद्धा तिच्याकडून कोणी आवळून घेत नाही.

परवा भंगारवाला एक कूलर घेऊन आला. "आजी, वरून नवा दिसतो, पण आतून पार म्हातारा. तुमच्या अगदी उलटा." मी काळा रंग खरवडला, तर खाली माझीच तीन टिंबे. तो अडकवायच्या पट्ट्याही मीच डॉक्टरांच्या गाडीच्या नाकाच्या मापाने वाकवलेल्या. करवतीने कापला. आतल्या जाळीत बेअरिंगचा चुरा चमकत होता. इंजिनाची बेअरिंग गेली की जुना कूलर फेकायचा असतो. पेट्रोलने धुवा, हवा मारा, चुरा आतच बसून राहतो आणि नव्या इंजिनाच्या पोटात उतरतो. हे मी थोरल्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवले होते. त्याने धुतला, रंगवला आणि बहिणीच्या इंजिनाला जोडला.

मी त्याला विचारले, "डॉक्टरांच्या गाडीला कोणता कूलर बसवलास?"

सूनबाई म्हणाली, "आई, यांना असं म्हणायचंय की—"

"त्याला तोंड आहे ना?"

"आहे, पण ते आत्ता जेवताहेत."

तो जेवत राहिला. भात परत मागून घेतला. म्हणून माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे करावे.

गॅरेज, लिफ्ट आणि सगळी हत्यारे धाकटीला. माझे दोन पाने तिने स्वतः वापरावेत. नळी जोडताना एका पान्याने कूलरची मान धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर करणारा मान पिळतो. थोरला जन्मापासून तसाच. धाकटीने मात्र हे बक्षीस समजू नये. इंजिन तुझे होते, त्याला काय जोडले ते न बघता किल्ली फिरवलीस. वर मूग गिळून चालती झालीस. माझ्या पोटी मुकी जन्मेल असे वाटले नव्हते.

मागच्या दोन खोल्या थोरल्याच्या मुलीला, माझ्या नातीला. आईबापाला तिथे राहू द्यायचे की नाही, ते तिने ठरवावे. पडदे आईकडून शिवून घ्यावेत. माप तयारच आहे.

माझे कपडे सूनबाईला देऊ नयेत. गॅरेजात चिंध्या कराव्यात. तेल सुती कापडाने चांगले पुसले जाते.

थोरल्याला कापलेला कूलर, दोन्ही तुकडे. भिंतीवर लावायचा असल्यास खिळा त्याने स्वतःचा आणावा.

मी गेल्यावर रडायचे असेल त्याने शेडबाहेर रडावे. आत गाड्या उघड्या असतात.

सही: माझी, आणि शेजारी तीन टिंबे.
साक्षीदार: रेडिएटरवाला, लेथवाला. दोघांनाही यातले काही मिळणार नाही, म्हणूनच बोलावले.
ठिकाण: गॅरेजमागची खोली, पडदा नसलेली.
दिनांक: ९ मार्च.

साक्षीदार बसलेले असतानाच जोडलेले: हा कागद डॉक्टरांना बोलावून, त्यांच्या हिरव्या गाडीपाशी, धाकटीसमोर वाचावा. वाचून झाल्यावर डॉक्टरांनी एकदाच विचारावे, "माझ्या गाडीला हा कूलर कोणी बसवला?" "मी" असे उत्तर आले तर थोरल्याला धाकटीच्या हाताखाली कामाला ठेवावे. नाही आले तर त्याने आपले दोन तुकडे उचलून निघावे. सूनबाईने तोंड उघडले तर उत्तर आले नाही असे धरावे. तो जेवत असेल तर ताट काढून घ्यावे. उत्तर थोरल्यानेच द्यायचे.