दोन सीटांची लाल गाडी, पूर्ण विचारांती

२ फेब्रुवारी
जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची, पण डोकं ठिकाणावर ठेवून. बायकोची एकच अट: हॉस्पिटलमधली तिची ड्यूटी सातला सुरू होते, तिथे रोज वेळेवर सोडायचं. मान्य. एकोणचाळीस मुद्द्यांची चेकलिस्ट केली. दातांच्या डॉक्टरला बारकाईने बघायला कुणी शिकवायला नको.

५ फेब्रुवारी
गाडी पाहिली. लाल. दोन सीट. छप्पर उघडतं! चेकलिस्ट खिशातच राहिली. विकणारे काका म्हणाले, इतका चोखंदळ माणूस आयुष्यात पाहिला नाही. काका सरळ मनाचे वाटले.

७ फेब्रुवारी
मुद्दा चौथा: लोहचुंबक. चिकटलं तर पत्रा, पडलं तर आत पुट्टी. दारावर लावलं, पडलं. बॉनेटवरूनही पडलं. एकदाच चिकटलं, ते काकांच्या किल्ल्यांना. घाबरलो नाही. फिलिंग मी रोज करतो. चांगलं फिलिंग जन्मभर टिकतं, असं पेशंटना सांगतोच की.

९ फेब्रुवारी
ओळखीच्या मेकॅनिकला नेलं. गाडीखाली शिरला, बाहेर आला, म्हणाला, डॉक्टर, मुळापासून किडलीय, हात लावू नका. माणूस कष्टाळू आहे, पण सौंदर्यदृष्टी नाही.
संध्याकाळी एका पेशंटला दाढ काढायला सांगितली. म्हणे, दुसरं मत घेतो. लोकांना तज्ज्ञाचं ऐकायलाच नको!

१० फेब्रुवारी
दुसरं मत घेतलं. काकांचं. गाडी ठणठणीत आहे.

११ फेब्रुवारी
घेतली! आमची रोजची गाडी काकांनी बदल्यात ठेवून घेतली, अगदी नाइलाजाने. नवी टेम्पोवर चढून घरी आली. जुन्या इंजिनाला जपावं लागतं.

१२ फेब्रुवारी
सकाळी ६.२०. बायको तयार. गाडी नाही. थंडीमुळे असणार.
६.३५. शेजाऱ्यांनी धक्का मारला. बायकोनेही, युनिफॉर्ममध्ये. मी स्टिअरिंगवर, कारण ते कौशल्याचं काम.
६.५०. ती चालत बस स्टॉपकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही.

१८ फेब्रुवारी
रोज दोन बस बदलून जाते. पाय सुजलेत. भांडतही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. फार वाईट वाटतं. उद्या बॅटरी बदलतो.

१९ फेब्रुवारी
बॅटरी बदलली. आता हॉर्न वाजतो. प्रगती आहे.

२ मार्च
बायकोने परस्पर सेकंडहँड स्कूटर आणली. पाच मिनिटांत! काय काय तपासलंस, असं जरा जरबेनेच विचारलं. म्हणाली, सुरू होते.

३ मार्च
सकाळी ६.४०. क्लिनिक तिच्या वाटेवरच आहे, म्हणून मागे बसून आलो. वळणावर हलू नका, एवढंच बोलली. पायरीवर बसून लिहितोय. क्लिनिक दहाला उघडतं. ती मात्र आज वेळेवर पोचेल.